गोटा फुटलेला की फोडलेला?

वरोरा तालुक्यातल्या एका गुरुजींनी काय विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्या वडिलांच्या वावरात शेततळ्याचं खोदकाम चालू होतं. जेसीबीनं उपसलेल्या ढिगात त्यांना बदामाच्या आकाराचा, वीतभर लांब दगड मिळाला, आणि त्याच ढिगात दगडासारखं जड झालेलं एक हाड. दोन्हींचे फोटो त्यांनी टाकलेत. दुपारपर्यंत गावात 'आदिमानव सापडला' अशी हाकाटी झाली. आता गुरुजींना कळत नाही की दगड खरंच आदिमानवाचा आहे का, असला तर किती जुना, आणि हाड माणसाचं आहे का. त्यात सातवीची पोरं विचारतात, माकडापासून माणूस झाला तर शाळेच्या टिनांवर धुडगूस घालणारी माकडं अजून माकडंच कशी?

गुरुजी, मी सव्वीस वर्षं वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगेच्या काठाकाठानं दगड बघत फिरतोय. काही गावांत पोरं मला 'गोटेवाले' म्हणूनच हाक मारतात. तुमच्यासारखी विचारणा वर्षातून दोन-तीनदा येते आणि बहुतेक वेळा दगड नुसता दगड निघतो. तुमचा तसा वाटत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एका पोत्यात भरल्या गेल्यात: एक दगड, एक हाड आणि 'आदिमानव' नावाचा माणूस. जेसीबीनं दगड आणि हाड एका ढिगात टाकलं, आणि गावानं त्या दोघांना मिळून एक माणूस बहाल केला. पण जमिनीत ते शेजारी होते का? एका थरातले होते का? खरा पेच इथं आहे. त्याचं उत्तर फोटोत नाही, शेततळ्याच्या कापलेल्या भिंतीत आहे. तिकडे शेवटी येतो, आधी दगड.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका नाल्यात मला अगदी कुऱ्हाडीच्या घाटाचा दगड मिळाला. मी हरखलो. जवळच रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या वडार लोकांचं पाल होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तो हातात घेतला, एकदा उलटवला आणि परत दिला. "हा फुटला जी, फोडला नाही." मग त्यांनी माझ्या पिशवीतला दुसरा दगड काढला. त्याच्याकडे मी फारसं पाहिलंही नव्हतं, दिसायला अगदीच ओबडधोबड. "हा फोडला. मार कुठी बसला दिसते ना." पुढच्या दहा वर्षांत मी जेवढी पुस्तकं वाचली, त्यांनी या दोन वाक्यांचा विस्तार तेवढा केला.

मार दिसतो म्हणजे काय? गारगोटी किंवा बारीक कणाचा घट्ट काळा दगड घेऊन त्याच्या कडेवर दुसऱ्या गोट्यानं नेमका ठोका मारला की टवका उडतो. उडालेल्या टवक्यावर, ठोका बसला त्या जागेखाली, छोटा फुगवटा तयार होतो आणि मूळ दगडावर त्याच मापाची खळगी राहते. शांत तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी मंद वलयं कधीकधी त्या खळगीत दिसतात. जाड कणाच्या दगडात ती नीट दिसत नाहीत, त्यामुळे वलयं नाहीत म्हणून हत्यार नाही असं समजू नका. पुरात दगड दगडावर आपटूनही असा एखादा टवका उडतो. पण पूर कडेकडेनं, एकाआड एक, दोन्ही अंगांनी, एक सलग धार निघेल असे पंधरा-वीस टवके उडवत नाही. दगड आडवा धरून कडेकडून बघितला की ती धार नागमोडी दिसते, करवतीच्या दात्यांसारखी एकदा इकडे, एकदा तिकडे. ती दिसली की मी बाकीचं पुढं बघतो.

तुमच्या फोटोत मला एकाच अंगावर सहा-सात खळग्या मोजता आल्या. त्यांचा रंग एकसारखा, जुनाट पिवळट-तपकिरी आहे. आपल्याकडचा काळा दगड ताजा फुटला तर आतून निळसर काळा असतो. हवा-पाणी खाऊन खाऊन त्याला वरून सालीसारखा पातळ थर येतो. तुमच्या दगडाच्या टोकावर मात्र एक खळगी अगदी काळीकुळकुळीत आहे. तो जेसीबीच्या दाताचा प्रसाद. म्हणजे एकाच दगडावर दोन वेळचे मार आहेत, एक परवाचा आणि बाकीचे फार जुने. वावरातल्या दगडांवर कधीकधी तांबूस रेघाही दिसतात, पोरं त्यांना नक्षी समजतात. ती नांगराच्या फाळाची गंजलेली खूण असते.

दुसऱ्या अंगाचा आणि कडेचा फोटो तुम्ही टाकला नाही, म्हणून शंभर टक्के सांगत नाही. पण माझा कौल 'फोडलेला' याच बाजूनं आहे. हातकुऱ्हाड म्हणतात ती हीच. नाव कुऱ्हाड असलं तरी तिला दांडा नसायचा, मुठीत धरून वापरायची. शिकारीचं मांस कापायला, हाड फोडून मगज काढायला, लाकूड तासायला, मुळं उकरायला. घरातल्या विळीला आपण जशी दहा कामं लावतो तसंच. चंद्रपूर शहराला लागून असलेल्या पापामिया टेकडीवर अशी हत्यारं मिळालेली आहेत, तेव्हा तुमच्या भागात एखादी मिळणं नवलाचं नाही. भारतात हातकुऱ्हाड पहिल्यांदा ओळखली ती रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं, ३० मे १८६३ रोजी, आजच्या चेन्नईजवळच्या पल्लावरमला. योगायोग असा की त्याच साली नागपुरात अजब बंगला, म्हणजे तिथलं वस्तुसंग्रहालय, सुरू झाला.

आता वय. इथं लोक नाराज होतात, तुम्हीही थोडे व्हाल. आकारावरून वय सांगता येत नाही. तामिळनाडूतल्या अत्तिरम्पक्कमला पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या हातकुऱ्हाडींचं वय सुमारे १५ लाख वर्षं आलं, हे २०११ साली प्रसिद्ध झालं. आणि मध्य प्रदेशातल्या सोन नदीच्या खोऱ्यात याच परंपरेची हत्यारं अवघ्या १.२ ते १.४ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत आहेत. म्हणजे तेरा-चौदा लाख वर्षं माणसं तोच घाट घडवत राहिली. तुमचा दगड या एवढ्या पट्ट्यात कुठंही बसू शकतो. "पाच लाख वर्षं जुना" असं फोटो पाहून कुणी ठणकावून सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

दगडाचं स्वतःचं वय काढून उपयोग नसतो. तुमच्याकडचा काळा दगड लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो फोडला कधी ते हवं, आणि ते दगड सांगत नाही, तो ज्या थरात पडून होता तो थर सांगतो. कार्बन पद्धत सगळ्यांना माहीत असते. पण ती लाकूड, कोळसा, हाड अशा एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना लागू पडते आणि सुमारे ५० हजार वर्षांच्या पलीकडे तिचा हात पोचत नाही. नदीच्या गाळासाठी ओएसएल नावाची पद्धत वापरतात. रेतीचा कण जमिनीत गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या अतिसूक्ष्म किरणोत्सारामुळे त्यात ऊर्जा साठत जाते, गळक्या नळाखालची बादली थेंबथेंब भरावी तशी. ऊन लागलं की बादली रिकामी. प्रयोगशाळेत त्या कणावर प्रकाश टाकून बादली किती भरली होती ते मोजतात. त्यावरून त्या रेतीनं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. म्हणूनच हा नमुना लोखंडी नळी भिंतीत ठोकून, दोन्ही तोंडं बंद करून, अंधारातच न्यावा लागतो. तुमच्या ढिगातल्या मातीनं ऊन पाहिलं, तिची बादली ओतली गेली. कापलेल्या भिंतीच्या आतली माती अजून अंधारात आहे.

आणि पद्धती वापरूनही उत्तरं जुळतीलच असं नाही. आपलं लोणारच घ्या. उल्का आदळून झालेलं हे सरोवर एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षांचं निघालं होतं. २०११ साली दुसऱ्या पद्धतीनं ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचं निघालं. अकरा पट फरक! एवढा मोठा, डोळ्यांसमोरचा खड्डा, आणि ही तऱ्हा. मग माझ्या पिशवीतल्या एका दगडाबद्दल मी छाती ठोकून काय सांगू?

आपल्या काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. पुण्याकडून नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना मी ती पहिल्या दिवशी सांगतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, एखादी भेग हातभर काठी घातली तरी तळ लागू देत नाही. वरचे दगड, खापरं, बांगडीचे तुकडे त्या भेगांत पडतात. पावसात माती फुगते, भेगा मिटतात, खालचं काही वर ढकललं जातं. ही माती स्वतःच स्वतःला नांगरते. कितीही वेचले तरी वावरात दरवर्षी नवे गोटे 'उगवतात' हे तुमच्या वडिलांना मी सांगायला नको. त्यामुळे काळ्या मातीत अमुक खोलीवर मिळालं म्हणजे अमुक जुनं, हा हिशेब लागू पडत नाही. काळ्याच्या खाली पिवळसर, चुनखडीच्या गाठी असलेली माती लागते आणि तिच्याखाली रेती-गोट्यांचा घट्ट थर. तिथलं काही मिळालं तर मात्र ते बहुधा आपल्या जागी असतं.

आता तुमचा फोटो पुन्हा बघा. दगडाच्या खालच्या अंगाला पांढरा, खरखरीत पापुद्रा चिकटलाय. तुम्हाला तो मळ वाटला असेल. तो चुनखडीचा थर आहे. काळ्या मातीत लोळलेल्या दगडावर असा घट्ट पापुद्रा सहसा धरत नाही. म्हणजे तुमचा दगड खालच्या, चुनखडीच्या थरातून आला असण्याची शक्यता चांगली आहे. कृपा करून तो घासून काढू नका. लिंबू, व्हिनेगर, हार्पिक, काही नाही. एका उत्साही मुलानं माझ्यासाठी म्हणून दगड लखलखीत करून आणला होता. त्याला रागावताही आलं नाही.

आणि हाड? त्याच्या खाचांत लालसर माती दिसते, पांढरा पापुद्रा कुठंच नाही. एकाच ढिगातल्या दोन वस्तू, अंगावर दोन वेगळ्या माती. म्हणजे त्या दोघांचा एकमेकांशी संबंध असेलच असं धरून चालता येत नाही. जेसीबीवाल्यानं आदल्या दिवशी कुठं काम केलं होतं तेही विचारा. हसू नका. मला एकदा एका गावाच्या वेशीवर सुंदर हत्यारं मिळाली, दोन दिवस मी तिथली टेकडी पालथी घातली. शेवटी सरपंचांनी सांगितलं की रस्त्याचा मुरूम पंधरा किलोमीटरवरून आणला होता.

फोटोवरून हाड माणसाचं वाटत नाही. माणसाच्या मांडीचं हाड इतकं जाड आणि आखूड नसतं. ते एखाद्या रानरेड्याचं किंवा तसल्याच मोठ्या जनावराचं असू शकतं, आपल्या नद्यांच्या जुन्या गाळात अशी हाडं मिळतात. पण तुमच्या तालुक्यात आणखी एक शक्यता आहे, जी दुसरीकडे मी मनातही आणली नसती. पिसदुरा तुमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या लाल-हिरव्या मातीत डायनासोरची हाडं मिळतात, आणि त्यांचं दगड झालेलं शेणही. त्या शेणात गवताचे अवशेष मिळाले, हे २००५ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा डायनासोरच्या काळात गवत होतं यावर जगभर चर्चा झाली. वरोऱ्याच्या शेणानं! तुमचं हाड तिकडचं निघालं तर ते साडेसहा कोटी वर्षांहून जुनं ठरेल. त्याचा माणसाशी काडीचा संबंध नसेल, पण म्हणून ते कमी मोलाचं नाही. नेमकं काय ते हाडाचे दोन्ही सांधे दिसल्याशिवाय कुणीही सांगू नये. ही दोनपैकी एक शक्यता आहे, असंच आज धरा. आणि हो, हाड हलकं, पांढरट, माणसाच्या घाटाचं असतं तर मी तुम्हाला आधी पोलीस पाटलांना सांगायला लावलं असतं. ती गोष्ट वेगळीच असते.

आणखी एक घोटाळा विदर्भात हमखास होतो, तोही इथंच निस्तरतो. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली मोठ्या गोट्यांची वर्तुळं लोकांना दिसतात आणि तीही 'आदिमानवाची' होतात. ती वर्तुळं म्हणजे मेलेल्यांची स्मारकं. ती बांधणारे लोक लोखंड गाळत होते, घोडे पाळत होते, घोड्यांना तांब्याचे दागिने घालत होते. साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे, सर्वार्थानं तुमच्या-आमच्यासारखे लोक. गावाबाहेरच्या रिठावर किंवा पांढरीत, म्हणजे जुन्या उठलेल्या वस्तीच्या जागी, खापरं मिळतात ती बहुतेक त्याहूनही अलीकडची. तुमची हातकुऱ्हाड आणि ती वर्तुळं यांच्यात निदान लाखभर वर्षांचं अंतर आहे.

इथवर झालं ते असं: दगड बहुधा फोडलेला, वय आज सांगता येत नाही पण लाखांच्या घरात, हाड बहुधा माणसाचं नाही आणि बहुधा त्या दगडाचं सोबतीही नाही.

राहिला तो फोडणारा. कोण होता? विदर्भात त्या काळातल्या माणसाचं एकही हाड अजून हाती लागलेलं नाही. सबंध भारतात कवटी म्हणावी अशी एकच मिळाली. ५ डिसेंबर १९८२ रोजी नर्मदेकाठच्या हथनोऱ्याला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना. तुमच्या गावापासून ती जागा सरळ रेषेत तीनेकशे किलोमीटर असेल. कवटीचा वरचा भाग, त्यातही उजवी बाजू. चेहरा नाही, दात नाहीत. सोनकियांनी तिला होमो इरेक्टस या आपल्या आधीच्या मानवजातीत बसवलं, नंतरच्या काही अभ्यासकांना ती आपल्या जास्त जवळची वाटली. वयाचे अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत फिरतात. एवढ्या अर्ध्या कवटीवर आपल्या देशाचा लाखो वर्षांचा मानवी इतिहास तोलून धरलाय. म्हणून 'अमुक जातीच्या मानवानं ही कुऱ्हाड केली' असं मी लिहून देत नाही. बैलगाडीच्या चाकोरीवरून गाडी गेली हे कळतं, गाडीवानाचं नाव कळत नाही.

'आदिमानव' हा शब्दच खरं तर आपल्याला गोत्यात आणतो. त्यात आपण सगळ्यांना कोंबतो. पूर्व आफ्रिकेतली 'ल्युसी' (हे एका मादीच्या सांगाड्याचं नाव) ३२ लाख वर्षांपूर्वीची, १९७४ साली इथिओपियात मिळालेली. ती दोन पायांवर चालायची पण मेंदू चिंपांझीपेक्षा फारसा मोठा नव्हता. केनियात लोमेक्वीला मिळालेली सर्वांत जुनी दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांची. म्हणजे दगड फोडणं हे 'माणूस' झाल्यावर सुरू झालं, असंही ठामपणे म्हणता येत नाही. त्यानंतर कितीतरी काळानं होमो इरेक्टस आला. जॉर्जियातल्या दमानिसीला मिळालेल्या कवट्या सुमारे १८ लाख वर्षांच्या आहेत, म्हणजे तोवर आफ्रिकेबाहेर पाऊल पडलं होतं. आणि आपण, होमो सेपियन्स, आपल्या वंशाची सर्वांत जुनी हाडं मोरोक्कोतली, सुमारे ३ लाख वर्षांची. या सगळ्यांना एका शब्दात बसवायचं म्हणजे पणजोबा, आजोबा, चुलते आणि शेजारी या सगळ्यांना 'म्हातारा' म्हणण्यासारखं झालं.

पोरांच्या प्रश्नाचं मूळही शब्दातच आहे. माकड, वानर, गोरिला, चिंपांझी या सगळ्यांना आपण बोलताना 'माकड' म्हणतो. शेपूट नसलेल्या गोरिला-चिंपांझीच्या घराण्यासाठी आपल्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही, कारण ते प्राणी आपल्या रानात नाहीत. पुस्तकांत 'कपि' लिहितात, पण बाजारात कुणी तो शब्द वापरत नाही. तुमच्या टिनांवर नाचणारी वानरं आणि आपण यांच्या वाटा अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. चिंपांझी आणि आपण यांच्या सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. चिंपांझीपासून माणूस झाला नाही, दोघंही तिसऱ्याच एकापासून झाले, जो आज नाही.

चुलतभावाचा दाखला सगळेच देतात. मी पोरांना उन्हाळ्यात नदीवर नेतो. एप्रिलमध्ये वर्धेचं पात्र बघा: रेतीत पाण्याच्या आठ-दहा धारा. एक फुटून दोन होतात, त्यातली एक पुढं जाऊन डोहात थांबते आणि आटते. दुसरी रेतीच्या बेटाला वळसा घालून पुन्हा पहिलीला मिळते. शेवटी पुलाखालून जाते ती एक धार. 'कोणती धार कोणत्या धारेची झाली?' असं पोरांना विचारा आणि रेतीत काठीनं काढायला लावा. निअँडरथल ही नामशेष झालेली मानवजात म्हणजे असा आटलेला डोह. पण आटण्याआधी निअँडरथलचं थोडं पाणी आपल्या धारेत मिसळलं होतं. २०१० साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्याचा एक ते चार टक्के वाटा निघाला, तुमच्यातही, माझ्यातही. स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल अशाच कामासाठी मिळालं. आणि टिनावरचं वानर? त्याची धार कधीच वेगळ्या पात्रानं गेली, आणि त्या पात्रात तिचं छान चाललंय. त्याला माणूस व्हायची काही गरज नाही. झाडावरची कोवळी पानं खाऊन ते तुमच्यापेक्षा कमी काळजीत जगतं.

तुमच्या जुन्या टिपणांत रामापिथेकस हा माणसाचा पूर्वज म्हणून लिहिलेला असेल, मीही तसंच शिकलो. शिवालिकच्या टेकड्यांत १९३२ साली मिळालेल्या जबड्याच्या तुकड्यावरून ते नाव पडलं. पुढं १९८०च्या सुमारास शिवापिथेकस नावाच्या जुन्या कपीचा बराचसा पूर्ण चेहरा मिळाला, तो ओरांगउटानच्या वळणाचा निघाला, आणि रामापिथेकस त्यातलाच ठरला. वर्गात हे जरूर सांगा. पोरांना वाटतं विज्ञान म्हणजे पाठ करायची यादी.

आता कामाचं. माझी एक चूक सांगतो म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल. सुरुवातीला एका नाल्यातून मी त्रेचाळीस 'हत्यारं' गोळा करून आणली. सरांनी टेबलावर दोन ढिगारे केले: नऊ आणि चौतीस. चौतीस फुटलेले, नऊ फोडलेले. मग त्यांनी नवांतला एक उचलून विचारलं, "हा कुठल्या थरातला?" सगळे एका पिशवीत होते. मला सांगता आलं नाही. ते नऊ दगड अजून माझ्या खणात आहेत, दिसायला देखणे, पण कुठल्याही कामाचे नाहीत. पुढं एकदा चिठ्ठ्या लावून, नीट पेटीत घालून दगड एका गोदामात जमा केले, तर वाळवीनं चिठ्ठ्या खाल्ल्या आणि दगड तेवढे ठेवले. तेव्हापासून मी दोन ठिकाणी लिहितो, पिशवीत आणि वहीत.

तुम्ही दगडाचा पंचनामा करा. गावात तो शब्द सगळ्यांना कळतो. गट नंबर, खरेदीखतात असते तशी चतुःसीमा, कोणत्या धुऱ्यापासून किती पावलं, तारीख, कुणी उचलला. मोबाईलवर नकाशा उघडून त्या जागेचे आकडे टिपा. दगडाचे चार बाजूंनी फोटो काढा, शेजारी स्केलपट्टी ठेवा, पेन नको, पेनं लहान-मोठी असतात. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढा, दुपारी खळग्या दिसत नाहीत. मग सुती पिशवीत घालून ठेवा. हाड वेगळ्या पिशवीत, ओलं असेल तर सावलीत हळूहळू वाळवा, कडक उन्हात ते भेगाळून फुटतं. त्याला फेव्हिकॉल लावू नका.

तहसील कार्यालयाला दोन ओळी लिहून पोच घ्या, आणि एक प्रत नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला पाठवा. 'हजारो रुपये देतो' म्हणणारा कुणी आला तर लांब ठेवा. पुराणवस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. वडिलांना वावर जाण्याची धास्ती असेल, ती जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि म्हणूनच बऱ्याच वस्तू गुपचूप विहिरीत जातात. जागा संरक्षित करायची तर रीतसर अधिसूचना काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. एका दगडावरून कुणाचं वावर गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आणि शोध फक्त तज्ज्ञच लावतात असं समजू नका: सातपुड्यात धारूळच्या बाजूला अंबादेवीच्या गुहांमधली चित्रं २००७ साली अमरावतीच्या हौशी निसर्गप्रेमींनी उजेडात आणली. आमच्यासारखी पगारी माणसं तिथं नंतर पोचली.

सर्वांत घाईचं काम शेततळ्याच्या भिंतीचं. दहा फूट खोल कापलंय म्हणजे काळी, पिवळी, चुनखडी, रेती-गोटे असे सगळे थर तुमच्यासमोर उभे आहेत. ज्या बाजूला सकाळचं ऊन तिरपं पडतं त्या बाजूची हातभर रुंद पट्टी खुरप्यानं वरून खाली हलक्या हातानं सोलून काढा. वर जमिनीच्या पातळीला मोजपट्टीचं टोक लावून ती खाली सोडा आणि फोटो घ्या. कोणत्या थराला पांढरा चुना आहे, कुठं लालसर माती आहे का, कुठं आणखी टोकदार दगड डोकावतोय का, तेवढं बघा. डोकावत असला तर ओढू नका, त्याच्या शेजारी काडी खोचा. काठ ठिसूळ असेल तर खाली उतरूच नका, वरूनच फोटो काढा, भिंत अंगावर येते.

मला पुढच्या आठवड्यात वणीकडे यायचंय, तिथून तुमच्याकडे येता येईल. मृग लागला की ही भिंत ढासळेल, आणि त्याआधीच ठेकेदार प्लास्टिकचं अस्तर टाकून मोकळा होईल. अस्तर कधी टाकणार आहेत ते आजच विचारून कळवा. जमलं तर वडिलांना सांगून चार दिवस थांबवा.